छतावरच्या पंख्याची मोटर पुन्हा पुन्हा का जाते? कॅम्पर व्हॅनमधला दोष शोधणं आणि मोटर बदलणं

व्हेंट फॅनची मोटर पहिल्यांदा गेली तर ती बदलून मोकळं व्हावं. पण नवी टाकलेली मोटरही सहा-आठ महिन्यांत घरघरायला लागली, जड फिरू लागली किंवा सरळ बंद पडली, तर तिसरी मोटर मागवण्याआधी थांबा. अशा वेळी मोटर बहुधा दुसऱ्याच कशामुळे तरी मेलेली असते. झाकणाच्या रबरातून पाणी झिरपत असतं, पाती एका बाजूला जड झालेली असतात, दुपारभर जास्त व्होल्टेज मिळत असतं किंवा फ्यूज चुकीचा असतो. मूळ कारण जागच्या जागी राहिलं की नवी मोटरही त्याच वाटेने जाते. म्हणून आधी निदान करू, मग बदलीकडे वळू.

एक अपवाद सुरुवातीलाच बाजूला काढतो. या पंख्यांत बहुतेक ब्रशवाली, कायमचुंबकाची १२ व्होल्ट डीसी मोटर असते. तिचे कार्बन ब्रश कम्युटेटरवर, म्हणजे शाफ्टवरच्या तांब्याच्या तुकड्यांच्या गोल कड्यावर, घासून झिजतात. साधारण हजार-दोन हजार तासांनंतर ते संपले तर त्याला दोष म्हणता येत नाही, तेवढंच त्यांचं आयुष्य असतं. व्हॅनमध्येच राहणारा माणूस रोज आठ तास पंखा लावत असेल, तर २,००० तास २५० दिवसांत भरतात. असा वापर असेल तर ब्रशवाल्या मोटरी बदलत बसण्यापेक्षा ब्रशलेस, म्हणजे ब्रशच नसलेल्या मोटरचा पंखा घेतलेला बरा. महिन्यातून चार रात्री पंखा लावणाऱ्याची मोटर मात्र वर्षात जायला नको. ती जात असेल तर पुढचं सगळं तपासायलाच हवं.

लक्षणं काय सांगतात

पंखा हलत नाही आणि आवाजही नाही, अशा वेळी मोटरवर संशय सर्वांत शेवटी घ्या. आधी फ्यूज बघा. तो नुसता डोळ्यांनी पाहू नका, काढून मल्टिमीटरने तपासा, कारण काचेच्या फ्यूजची तार टोपीच्या आत तुटली तर बाहेरून दिसत नाही. मग झाकणाचा स्विच बघा. काही मॉडेलमध्ये झाकण पुरेसं उघडल्याशिवाय पंख्याला वीजच मिळत नाही. रेन सेन्सर असेल तर त्याच्या धातूच्या पट्ट्यांवर साचलेला मळ किंवा दव त्याला पाऊसच वाटतो. कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसा. थर्मोस्टॅट असेल तर तो सर्वांत कमी तापमानावर आणून बघा.

नुसता गुंगुं आवाज येतो, पाती हलत नाहीत आणि बोटाने ढकललं की सुटतात, हे लक्षण फार महत्त्वाचं आहे. याची कारणं तीन: कम्युटेटरचा एखादा भाग जळालेला, ब्रश झिजून टेकेनासा झालेला किंवा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती बाही) कोरडा पडून शाफ्ट जड झालेला. ओळखायची रीत सोपी आहे. फ्यूज काढा आणि पाती बोटाने हलकेच फिरवा. चुंबकामुळे थोडं अडखळत फिरणं ठीकच, पण सोडल्यावर पाती दोन-तीन फेरे तरी जायला हवीत. लगेच थांबली तर दोष बुशमध्ये आहे. छान फिरून थांबली, तरी विजेवर सुटत नसेल तर दोष ब्रश किंवा कम्युटेटरमध्ये आहे. अशा अवस्थेतला पंखा ढकलून ढकलून वापरत राहू नका. का, ते फ्यूजच्या भागात सांगतो.

फक्त हायवर चालतो, लो आणि मीडियमवर नाही, तर मोटर चांगली आहे. जुन्या तीन स्पीडच्या पंख्यांत गती कमी करायला रेझिस्टरची कॉइल असते, ती तुटलेली असते किंवा स्विचचा तो काँटॅक्ट गेलेला असतो. याउलट इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा पंखा प्रत्येक स्पीडला पूर्ण वेगानेच पळत असेल, तर बोर्डावरचा मॉसफेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारा भाग, शॉर्ट झाला आहे. या दोन्ही तक्रारींत लोक मोटर बदलतात आणि तक्रार तशीच राहते.

सुरू करताना किंचाळतो आणि पाच-दहा मिनिटांत शांत होतो, विशेषतः थंडीत, तर बुशमधलं तेल संपत आलं आहे. हे वेळेवर ऐकू आलं तर मोटर वाचते.

मीटर लावा

मोटरच्या दोन्ही वायरी सोडवा आणि मीटर ओहमवर ठेवून तिच्या टर्मिनलांवर लावा. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून येणारं रीडिंग, बहुधा ०.२ ते ०.५ ओहम, वजा करायला विसरू नका. चांगल्या मोटरचा आकडा एक-दोन ते चार-पाच ओहमच्या आसपास येतो. आता शाफ्ट अगदी हळू फिरवा. आकडा थोडा खालीवर होणारच, पण एखाद्या जागी मीटर एकदम ओपन दाखवत असेल तर तिथला कम्युटेटरचा भाग मेलेला आहे किंवा ब्रश अडकला आहे. मग एक पिन टर्मिनलला आणि दुसरी मोटरच्या धातूच्या अंगाला लावा. इथे ओपनच यायला हवं. काही आकडा आलाच तर आत कार्बनची भुकटी साचली आहे किंवा वायंडिंग (आतल्या तारेची गुंडाळी) अंगाला लागलं आहे. ती मोटर काढाच.

यानंतर मोटरला थेट बॅटरीवर लावून बघा. पॉझिटिव्ह वायरीत ५ ॲम्पिअरचा फ्यूज हवाच, नुसत्या मोकळ्या वायरीने जोडू नका. थेट लावल्यावर मोटर नीट पळाली तर स्विच, बोर्ड किंवा वायरिंगकडे वळा.

आता व्होल्टेज. पंखा हायवर चालू ठेवून बॅटरीच्या टर्मिनलांवर मोजा आणि लगेच पंख्याकडे येणाऱ्या दोन वायरींवर मोजा. फरक ०.४ व्होल्टच्या आत असावा. पंखा बंद असताना केलेलं हे मोजमाप निरुपयोगी आहे, कारण करंट वाहत नसेल तर गंजलेला जोडही पूर्ण १२.६ व्होल्ट दाखवतो. फरक जास्त आला तर तो कुठे पडतो ते शोधा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी पंख्याच्या निगेटिव्ह वायरीला लावा, पंखा चालूच ठेवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर निगेटिव्ह बाजू खराब आहे. तिथे बहुधा बॉडीला घेतलेल्या अर्थिंगचा बोल्ट सापडतो, ज्याच्याखाली रंग तसाच राहिलेला असतो किंवा गंज धरलेला असतो.

वायरीच्या जाडीचा हिशेबही घालून बघा. बॅटरीपासून पंखा ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वायर १० मीटर. ४ ॲम्पिअर करंटला १ चौरस मिलिमीटर वायरीत जवळपास ०.७ व्होल्ट पडतं, १.५ मध्ये ०.४६ आणि २.५ मध्ये ०.२८. एवढ्या अंतराला २.५ ची वायरच घाला.

बोर्डाच्या पंख्यात कमी स्पीडला मोटरवर ४-५ व्होल्टच दिसलं तर घाबरू नका. बोर्ड वीज झपाट्याने चालू-बंद करतो आणि मीटर तिची सरासरी दाखवतो. मोजमाप हायवर घ्या.

व्होल्टेज कमी पडलं तर काय होतं, जास्त झालं तर काय

कमी व्होल्टेजने मोटर जळते, असं सर्रास म्हटलं जातं. पंख्याच्या डीसी मोटरबाबत ते जसंच्या तसं खरं नाही. व्होल्टेज उतरलं की पंखा हळू फिरतो, हवेचा भार कमी होतो आणि करंटही उतरतो. धोका असतो तो सुरू होताना. बुश थोडा जड, सकाळची थंडी, त्यात लो स्पीड आणि वायरीत पडलेला पाऊण व्होल्ट. एवढं जुळून आलं की शाफ्ट सुटतच नाही आणि मोटर जागच्या जागी करंट पीत राहते.

जास्त व्होल्टेजचं नुकसान मात्र सरळ आहे आणि त्याकडे फारसं कोणी बघत नाही. पंख्याला लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. विश्रांतीत १२.५ व्होल्ट असलेली बॅटरी सोलरवर १४.४ ला चढली की तोच पंखा त्याच हाय सेटिंगला साधारण दीडपट वीज खातो. लेड-ॲसिड बॅटरीच्या इक्वलायझेशनमध्ये, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेजने केलेल्या चार्जिंगमध्ये, व्होल्टेज १५.५ च्या आसपास गेलं तर जवळजवळ दुप्पट. भर दुपारी, छत तापलेलं असताना, पंखा तासन् तास हायवर ठेवणाऱ्यांचे ब्रश आणि बुश याच कारणाने लवकर संपतात. उपाय दोन. सोलर पूर्ण चार्जवर असताना पंखा मीडियमवर ठेवा, किंवा पंख्याच्या लाइनवर १२ व्होल्ट स्थिर देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवा, किमान ८-१० ॲम्पिअरचा. इक्वलायझेशन चालू असताना पंखा बंदच ठेवा.

आणखी एक भार असतो बंद खिडक्यांचा. हवा आत यायला वाट नसेल तर पंखा कमी काम करत असेल असं वाटतं, पण अशा सरळ पात्यांच्या पंख्यात वाट कोंडली की मोटरवरचा ताण वाढतो. शिवाय मोटर त्याच वाहत्या हवेने गार होत असते, ती हवाही तुटते. पंख्यापासून लांबची एक खिडकी चार बोटं तरी उघडी ठेवा. यात मोटरपेक्षा मोठा मुद्दा जिवाचा आहे. सगळं बंद करून एक्झॉस्ट लावला तर गॅस हीटरच्या किंवा शेगडीच्या धुराची वाट उलटू शकते आणि कार्बन मोनॉक्साइड आत ओढला जातो. आत गॅसचा वास येत असेल तेव्हा हा पंखा वास घालवायला लावू नका. ब्रशवाल्या मोटरमध्ये ठिणग्या पडतातच.

फ्यूज

पंखा १५ ॲम्पिअरच्या सामायिक फ्यूजवर, दिवे आणि यूएसबी सॉकेटबरोबर जोडलेला असतो, ही वायरिंगमधली सर्वांत महागात पडणारी सोय. समजा वायंडिंग १.२ ओहम आहे. मोटर अडकली की करंट १२ भागिले १.२, म्हणजे १० ॲम्पिअर. म्हणजेच मुठीएवढ्या मोटरमध्ये १२० वॉट उष्णता, आणि गार करायला हवा नाही. ५ ॲम्पिअरचा फ्यूज हे काही सेकंदांत तोडतो. १५ चा फ्यूज काहीच करत नाही, आणि वायंडिंगचं इनॅमल काही मिनिटांत जळून वास सुटतो. ढकलून सुरू होणाऱ्या पंख्याबद्दल वर बजावलं ते यासाठीच. रात्री थर्मोस्टॅटने तो स्वतःहून सुरू व्हायचा प्रयत्न करतो आणि ढकलायला कोणी जागं नसतं.

पंख्याला स्वतंत्र फ्यूज द्या. आकडा उत्पादकाने दिलेला असेल तो. दिलेला नसेल तर हायवरच्या करंटच्या साधारण दीडपट घ्या. फ्यूज लगेच उडत असेल तर शॉर्ट किंवा अडकलेली मोटर, काही मिनिटं चालून उडत असेल तर जड झालेला बुश. दोन्ही वेळा मोठा फ्यूज घालणं हा उपाय नाही.

पाणी

जुनी मोटर टाकून देण्याआधी तिच्याकडे टॉर्च लावून बघा, बरंच काही लिहिलेलं असतं. शाफ्टच्या मुळाशी तांबूस भुकटीचं कडं दिसलं तर पाणी बुशपर्यंत पोहोचलं आहे. अंगावरून खाली आलेला पांढरट वाळका ओघळ म्हणजे झाकणातून किंवा चौकटीतून गळती. टर्मिनलवर हिरवा थर म्हणजे ओलावा सतत राहतो. मागच्या फटींतून आलेली काळी भुकटी ही ब्रशची, ती वयाची खूण. बुशभोवती चिकट, धूळ धरलेलं वर्तुळ असेल तर तेल बाहेर येऊन गेलं आहे.

ज्या पंख्यांत मोटरचा शाफ्ट वर तोंड करून असतो, त्यांत थेंब शाफ्टवरून थेट बुशमध्ये उतरतो. तिथे पाण्याचे दोन-चार थेंबही पुरतात.

गळती शोधायला कागदाची पट्टी घ्या. झाकण आणि रबराच्या मध्ये ती ठेवून झाकण बंद करा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंना आणि कोपऱ्यांत ती अडकायला हवी. जिथे सहज निघते तिथे रबर दबलं आहे. मग आत चौकटीच्या चारही कोपऱ्यांत टिश्यू पेपर चिकटवा आणि वरून मगभर पाणी आधी झाकणावर, पाच मिनिटांनी फ्लँजच्या (छतावर टेकणाऱ्या चौकटीच्या कडेच्या) भोवती ओता. कोणत्या ओतण्याला कोणता कागद भिजला यावरून जागा कळते. झाकणाची गळती असेल तर रबर बदला. फ्लँजची असेल तर जुनं सीलंट खरवडून, अल्कोहोलने पुसून, ब्युटाइल टेपवर फ्लँज पुन्हा बसवा आणि कडेने पॉलियुरेथेन सीलंट द्या. साधं सिलिकॉन वापरू नका. ते एकदा लागलं की पुढच्या वेळी त्या जागेवर दुसरं काही चिकटत नाही.

कागद कोरडे राहिले आणि तरी मोटर गंजली, तर पाणी आतलं आहे. रात्रभराचा श्वास आणि स्वयंपाकाची वाफ वर जाऊन थंड झाकणावर आणि मोटरवर दव होते. झोपताना झाकण जरासं उघडून पंखा लोवर ठेवला की हे बरंच थांबतं.

पाती

पात्यांच्या पुढच्या धारेवर धूळ आणि स्वयंपाकाचा तेलकट थर बसतो, आणि तो सगळीकडे सारखा बसत नाही. एका पात्याचा टवका उडालेला असेल तर विचारायलाच नको. प्रत्येक फेऱ्याला शाफ्टवर बाजूने झटका बसतो, बुशचं गोल भोक लांबट होतं, मग खडखड सुरू होते. नवी मोटर जुन्या, असंतुलित पात्यांवर लावली की ती पहिल्या दिवसापासून झिजते. पाती कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा. थिनर किंवा ॲसिटोन लावू नका, प्लास्टिक तडकतं. हबमध्ये (पात्यांच्या मधल्या, शाफ्टवर बसणाऱ्या भागात) अगदी बरोबर बसणारी सरळ गुळगुळीत सळई घालून ती दोन समपातळीच्या धारांवर आडवी ठेवा. दरवेळी एकच पातं खाली येत असेल तर समोरच्या पात्याच्या मागच्या बाजूला, हबजवळ, ॲल्युमिनियम टेपचा तुकडा लावत संतुलन साधा. वाकवल्यावर कडकड वाजणारी, उन्हाने पांढुरकी पडलेली पाती सरळ बदला.

गाडी चालताना झाकण उघडं ठेवायची सवयही मोटरला मारते. वाऱ्याने पाती कितीही वेगाने फिरतात, आणि त्या वेगावर ताबा ठेवणारा कोणी नसतो.

नवी मोटर निवडताना

त्याच मॉडेलचा सुटा भाग मिळत असेल तर तोच घ्या. मिळत नसेल तर व्होल्टेज, भाराखालची गती आणि करंट, अंगाचा व्यास, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, शाफ्टचा व्यास आणि लांबी, त्यावर सपाट कापा आहे की नाही, या सगळ्या गोष्टी जुळल्या पाहिजेत. व्यास व्हर्नियरने मोजा. ३ मिलिमीटर आणि १/८ इंच, म्हणजे ३.१७ मिलिमीटर, हे डोळ्यांना सारखेच दिसतात. ३.१७ च्या हबमध्ये ३ चा शाफ्ट घातला तर हबला शाफ्टवर पकडणारा सेट स्क्रू आवळताच पाती एका बाजूला सरकतात आणि टोकाला हेलकावे दिसतात. टेप गुंडाळून हे दुरुस्त होत नाही.

आणखी एक बारकावा फार जण विसरतात. काही मोटरींत ब्रश एकाच दिशेने फिरण्यासाठी थोडे सरकवून बसवलेले असतात. तुमचा पंखा हवा आत आणि बाहेर दोन्हीकडे टाकणारा असेल तर दोन्ही दिशांना चालणारी, मधोमध ब्रश असलेली मोटर घ्या. नाहीतर उलट्या दिशेला ठिणग्या वाढतात आणि कम्युटेटर काळा पडतो.

काढणं

सगळं काम आतूनच होतं, छतावर चढायची गरज नाही. लागणारं सामान: ॲलन की मिलिमीटर आणि इंच दोन्ही मापांत, फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, व्हर्नियर, जाम स्क्रू सोडवायचं तेल, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, क्रिंपिंगची पक्कड आणि टर्मिनल.

स्विच बंद करून भागणार नाही, फ्यूज काढा. थर्मोस्टॅटचा पंखा मध्येच सुरू होऊन बोट फोडतो. झाकण पूर्ण उघडा, जाळीचे स्क्रू किंवा क्लिप काढा, वायरींचा फोटो घ्या.

पाती काढण्याआधी मोटरच्या तोंडापासून हबच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. पुढे पाती याच उंचीवर बसली नाहीत तर ती चौकटीला किंवा झाकणाच्या दांडीला घासतात.

आता सेट स्क्रू. इथे कामाचा अर्धा वेळ जातो. इंच मापाच्या पंख्यात १/१६ इंचाचा स्क्रू असेल, म्हणजे १.५९ मिलिमीटर, तर १.५ ची की त्यात जाते, पण सैल बसते आणि पहिल्याच जोराला भोक गोल करते. की घट्ट बसत नसेल तर दुसऱ्या मापाची घ्या. स्क्रू हलत नसेल तर थेंबभर तेल टाकून अर्धा तास सोडा. तरीही नाही हलला तर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूवर अर्धा मिनिट धरा आणि गरम असतानाच फिरवा. प्लास्टिकच्या हबवर याहून जास्त वेळ धरू नका.

स्क्रू निघाल्यावर पाती सहज येत नसतील तर पात्यांना धरून ओढू नका. सेट स्क्रूने शाफ्टवर उठवलेली बारीक कड हबला अडवत असते. शाफ्टचं उघडं टोक पॉलिश पेपरने साफ करा, थेंबभर तेल टाका, आणि हबच्या खाली समोरासमोर दोन सपाट स्क्रूड्रायव्हर घालून दोन्हीकडून सारखा, थोडा थोडा जोर द्या. काही मॉडेलमध्ये सेट स्क्रूऐवजी स्प्रिंग क्लिप असते, ती उडून हरवते. तिच्यावर बोट ठेवून काढा.

मोटरचे दोन किंवा तीन स्क्रू सोडवताना दुसऱ्या हाताने मोटर धरा. स्क्रू, वॉशर आणि रबरी बुच ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने एका टेपवर चिकटवून ठेवा.

बसवणं

नवी मोटर लावण्याआधी बुशवर हलकं मशीन ऑइल टाका, एकच थेंब. ते सच्छिद्र बुशमध्ये मुरतं. गंज सोडवायचा स्प्रे इथे मारू नका. तो बुशमधलं मूळ तेल धुऊन काढतो आणि थोड्याच दिवसांत उडून जातो. चांगल्या चालणाऱ्या मोटरी अशा फवाऱ्याने कोरड्या झालेल्या असतात.

मोटरचे स्क्रू जुनेच वापरा, किंवा लांबी मोजून घ्या. ब्रॅकेटची जाडी सोडून मोटरमध्ये ३-४ मिलिमीटरच जायला हवेत. लांब स्क्रू आत जाऊन वायंडिंगला लागतो. मोटर पहिल्याच दिवशी अडकली किंवा फ्यूज उडाला तर हे आधी बघा. रबरी बुच किंचित दबतील इतकंच आवळा. पूर्ण चेपले तर कंपन थेट छतात जातं आणि रात्री झोपू देत नाही.

पाती लिहून ठेवलेल्या उंचीवर बसवा, सेट स्क्रू शाफ्टच्या सपाट कापाच्या मधोमध आणा आणि आवळा. हब धातूचा असेल तर निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावा. हब किंवा ब्रॅकेट प्लास्टिकचं असेल तर थ्रेडलॉकर लांब ठेवा, एबीएस आणि पॉलिकार्बोनेट त्याने काही दिवसांत आपोआप तडकतं.

जोडणीत पॉझिटिव्हची खूण बघा, मोटरवर लाल ठिपका किंवा अधिकचं चिन्ह असतं. उलटं जोडलं तर मोटर बिघडत नाही, पण बाहेर फेकायची हवा आत येते. वायर-नट आणि नुसत्या पिळलेल्या वायरी गाडीच्या कंपनात सुटतात. चिकट आतल्या थराची हीट-श्रिंक चढवलेली क्रिंप टर्मिनल वापरा. मोटरच्या पत्र्याच्या पट्ट्यांना डाग द्यायचाच असेल तर तीन सेकंदांत उरका, नाहीतर मागची प्लास्टिकची टोपी वितळून ब्रशची जागा हलते. वायरीला मोटरजवळ खालच्या बाजूला एक वळसा ठेवा, म्हणजे वायरीवरून आलेला थेंब तिथेच गळेल.

जुन्या मोटरवर १०४ लिहिलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर असेल तर नव्या मोटरवरही तोच आकडा लावा. त्याहून मोठा लावू नका, बोर्डाचा मॉसफेट गरम होतो. आणि उलटसुलट फिरणाऱ्या पंख्याच्या मोटरवर डायोड थेट कधीच लावू नका. दिशा बदलली की तोच शॉर्ट होतो.

चालवून बघणं

फ्यूज घालण्याआधी पाती हाताने पूर्ण फेरा फिरवा. झाकण अर्धं उघडं आणि पूर्ण उघडं, दोन्ही स्थितींत कुठे घासत नाहीत ना ते बघा. मग लोवर सुरू करा आणि टिश्यू पेपर जाळीजवळ धरून दिशा तपासा. हायवर नेऊन करंट मोजा. मीटरचा १० ॲम्पिअरचा सॉकेट वापरा, किंवा डीसी क्लॅम्प मीटर असेल तर फारच छान. १५ मिनिटांनी मोटरच्या अंगाला बोट लावा. पाच सेकंद धरता येत असेल तर ठीक, लगेच काढावं लागलं तर बुश तिरका बसला आहे किंवा मोटर त्या पात्यांना लहान पडते आहे.

पहिले तीन-चार तास लो आणि मीडियमवरच चालवा. नवे ब्रश सपाट असतात आणि कम्युटेटर गोल. कमी भारावर ते एकमेकांत नीट बसले की ठिणग्या कमी होतात आणि आयुष्य वाढतं.

जाळी लावण्याआधी चौकटीच्या आत टेपच्या तुकड्यावर तारीख, बॅटरीचं त्या वेळचं व्होल्टेज आणि हायवरचा करंट लिहून चिकटवा. दर दोन-तीन महिन्यांनी पाती धुतल्यावर, तेवढ्याच व्होल्टेजला, तेवढ्याच उघड्या खिडकीने पुन्हा मोजा. खालीवर दहा टक्के चालतं. ३ ॲम्पिअरचे ३.६ झाले आणि पंखा पूर्वीपेक्षा वेगाने फिरत नसेल, तर बुश जड होऊ लागला आहे. अशा वेळी जाळी उघडून शाफ्टच्या मुळाशी तेलाचा एक थेंब टाका आणि करंट पुन्हा मोजा. तो उतरला नाही तर दुसरी मोटर आताच मागवून ठेवा.